तेरा तासांची रात्र

हातोडा घरात यायला अजून दोन महिने होते, पण भिंतीवर खडूची रेघ आधीच ओढून झाली होती. ती ओढली होती तिच्या नवऱ्याने. पुढे त्याचं झेरॉक्स आणि छपाईचं दुकान, मागे आठ बाय दहाची एक बिनखिडकीची खोली. मधली भिंत पडली की नवं छपाईयंत्र आत मावणार होतं. यंत्र ठरलं होतं, गवंडी ठरला होता. खोली ज्यांची, त्यांना विचारायचं तेवढं राहिलं होतं.

खोली सासऱ्यांची. चाळीस वर्षं त्यांनी तिथे फोटो धुतले. अख्ख्या गल्लीची लग्नं, शाळेचे वर्ग, ओळखपत्रांवरचे घाबरलेले चेहरे, सगळे त्या खोलीतल्या हौदात पाण्यातून हळूहळू वर आले होते. आता हौद कोरडा होता आणि फोटो मोठा करायचं यंत्र चादरीखाली मान खाली घालून उभं होतं. तरी गल्लीत त्यांना अजून फोटोवालेच म्हणत.

"खोलीत आहे काय, बाबा? कोळ्यांची वस्ती," नवरा जेवताना म्हणाला.

"तुझ्या दुकानात काय आहे? नकला. एक तरी अस्सल कागद दाखव."

"टोमण्यांनी भिंत जाड होत नाही."

"पण कान जाड असले की टोमणेही लागत नाहीत."

बापलेकांचं हे रोजचंच. ती पोळ्या वाढत होती. वाढता वाढता, मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "ती खोली मला द्या."

दोघांचे घास हातात राहिले.

"तुला? कशाला?"

"शेवंतीला."

परसात तिच्या चौदा कुंड्या होत्या. माहेरी आईवडील फुलशेती करत, तिथून आणलेल्या काड्या. पहिली चार वर्षं अशी फुलली की शेजारीण कुंपणावरून हात घालून वास घ्यायची. मग समोरच्या इमारतीवर जाहिरातीची मोठी पाटी लागली. तिचे दिवे संध्याकाळी लागत ते सकाळी विझत. परसात रात्री सुईत दोरा ओवता येईल एवढा लख्ख पांढरा उजेड. त्या वर्षीपासून शेवंती वाढली, माजली, हिरवीगार झाली, पण कळी म्हणून धरली नाही. दोन वर्षं झाली. शेजारीण म्हणाली, टाकून दे, वांझ झालीय. नवराही तेच म्हणाला.

"वांझ नाही ती," तिने तेव्हाही सांगितलं होतं. "तिला कुणी झोपू देत नाही. शेवंती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. तेरा तासांची सलग रात्र मिळाली की कळी धरते. मध्ये कुणी उजेड दाखवला की पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते."

"मग पाटीवाल्याला सांग, दिवा बंद कर, आमची शेवंती झोपलीय."

सांगितलं होतं तिने. दोनदा त्यांच्या कचेरीत जाऊन आली होती. तिथले लोक हसले होते. काळं कापड टाकून पाहिलं, ते वाऱ्याने उडालं, नाही उडालं तेव्हा खाली पानं उकडून निघाली. शेवटी तिच्या लक्षात आलं, घरात अंधाराची एक खोली आयती आहे.

"हे बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "गवंडी दोन महिन्यांनी येणार आहे ना? तोवर कळी आली तर खोली राहील. नाही आली तर पहिला हातोडा मी मारते."

नवरा हसला. जिंकायची पैज कोण सोडतो. "ठरलं. पण गवंडी येईल त्या दिवशी कळी मला डोळ्यांनी दिसली पाहिजे. तुझ्या मनातली नको."

सासऱ्यांनी ताटावरून पहिल्यांदा मान वर केली. "तिच्या मनातलं तुला कधी दिसलंय?"

*

पहिल्या आठवड्यातच हसं व्हायची वेळ आली. कुंड्या आत मांडल्या, वर पांढरे दिवे टांगले, त्यांना आपोआप चालू-बंद करणारं घड्याळ लावलं. सकाळी आठला लागणार, संध्याकाळी सातला विझणार. मग आठपर्यंत गच्च अंधार. अंधार मिळाला, पण हवा कोंडली. सकाळी दार उघडलं की विसरलेल्या भाजीच्या पिशवीसारखा वास यायचा. भिंतींना घाम, आणि सहाव्या दिवशी पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी बुरशी.

"खिडकी पाड की," नवरा दारातून म्हणाला. "मी गवंडी लवकर बोलावतो."

ती पानं पुसत बसली. खिडकी पाडली तर पाटीचा उजेड आत, नाही पाडली तर बुरशी. सासरे चादरीखालच्या यंत्राला टेकून उभे होते. तिथूनच म्हणाले, "सूनबाई, मी चाळीस वर्षं या खोलीत श्वास कोंडून होतो असं वाटतं का तुला?"

ते पुढे झाले, हौदाच्या वरची फळी त्यांनी ओढून काढली. मागे भिंतीत एक चौकोनी भोक होतं, त्यात लाकडाची एक पेटी. पेटीत काळ्या पट्ट्या एकाआड एक अशा बसवलेल्या की समोरून पाहिलं तर पलीकडचं काही म्हणून दिसू नये. त्यांनी पेटीपाशी तिचा हात धरला. बोटांना गार झुळूक लागली.

"उजेड हट्टी असतो," ते म्हणाले. "नाकासमोर चालतो. वाटेत भिंत आली की डोकं आपटतो आणि तिथेच मरतो. वारा शहाणा. तो वळून येतो. वळणं दे, वारा येईल आणि उजेड बाहेर राहील. मात्र वळणाच्या आतून काळा रंग हवा, चकाकणारा नको. चकाकलं की उजेड उड्या मारत आत येतो."

त्या दिवसापासून सासरे आणि सून कामाला लागले. जुनी पेटी धुऊन खाली, जमिनीलगत बसवली. थंड हवा तिथून आत. वर छताशी दुसरं भोक, त्यात हवा बाहेर फेकणारा पंखा, आणि पंख्यापुढे नळी. नळीसाठी ती पत्रेवाल्याकडे गेली.

"धूर कुठला काढायचाय, ताई?"

"धूर नाही, वारा."

"वाऱ्याला दोन दोन कोपरे? वारा काय लपाछपी खेळतो?"

"वारा नाही. उजेड खेळतो. त्याच्यावरच राज्य आहे."

पत्रेवाल्याने तिच्याकडे पाहिलं, फोटोवाल्यांची सून ना, असं स्वतःशीच म्हणाला आणि नळीला दोन काटकोन देऊन दिले. आतून तिने शाळेच्या फळ्याला देतात तो काळा रंग दिला. हात कोपरापर्यंत काळे झाले. रंग देता देता तिच्या ओठांवर माहेरच्या चालीवर शब्द यायला लागले, आईच्या आवाजातले, पण तिचे स्वतःचे:

उजेडा रे उजेडा, तुझी वाट सरळ,
माझ्या दाराशी आलास, आता मागे वळ.
वाऱ्या रे वाऱ्या, तुझी चाल वाकडी,
तू ये बाबा आत, दाराला जरी कडी.

पंखा सुरू केला तर दाराची फट शिट्टी वाजवायला लागली. सासऱ्यांनी कान लावला. "आत यायची वाट अरुंद पडतेय. पंखा गुदमरला की फटी शोधतो." मग खालची पेटी दुप्पट रुंद केली. शिट्टी थांबली. दाराच्या चारी कडांना जुन्या घोंगडीच्या पट्ट्या ठोकल्या.

मग परीक्षा. भरदुपारी दार लावून, दिवे घालवून दोघं आत बसली.

"काही दिसत नाही," ती म्हणाली.

"आत्ताच दिसायचं नाही. दहा मिनिटं बस. डोळ्यांना अंधार शिकू दे."

दहा मिनिटांनी अंधार बोलायला लागला. कुलपाच्या भोकातून तांदळाएवढा उजेड. चौकटीच्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ. एकेक बोटाने चाचपून तिने चिकटपट्टीने बुजवलं. शेवटी राहिला तो पंख्याच्या बटणावरचा एक इवलासा लाल ठिपका.

"तो असू दे," सासरे म्हणाले. "लाल आहे. लाल चालतो."

"असू दे, पण झाकते," ती म्हणाली आणि त्यावरही पट्टी डकवली. सासरे अंधारात हसले. पोर जरा जास्तच काळजी करते.

त्यांचा स्वतःचा भरवसा मात्र वेगळ्याच साक्षीदारावर होता. कपाटातून त्यांनी फोटोच्या कोऱ्या कागदाचं जुनं पाकीट काढलं. अंधारात एक कागद कुंड्यांमध्ये ठेवला, त्यावर एक नाणं. तासाभराने आपला जुना लाल दिवा लावला, कागद औषधात बुडवला. दोघं वाकून बघत राहिली. खोलीत कुठूनही उजेड येत असता तर कागद काळवंडला असता आणि नाण्याखालचा गोल तेवढा पांढरा राहिला असता. कागद सगळा दुधासारखा पांढरा राहिला.

"बघ," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज कित्येक वर्षांनी दुकान उघडल्यासारखा होता. "कागद कधी खोटं बोलत नाही."

*

बुरशी गेली. पानं टवटवीत झाली. एक आठवडा गेला, दोन गेले, चार गेले. कळी नाही.

ती रोज सकाळी आठला दिवे लागले की शेंड्याशेंड्याला हात लावून बघायची. नुसती पानं, वर आणखी पानं. खडूची रेघ जिथल्या तिथे होती. नवरा येता जाता रेघेवरून बोट फिरवायचा. वाईट माणूस नव्हता तो. त्यालाही आपलं यंत्र हवं होतं, जसं तिला आपलं फूल हवं होतं. एकदा तर त्याने मऊ आवाजात म्हटलं, "अगं, नसेल त्यांच्या नशिबात. कशाला जिवाला लावून घेतेस?"

"नशीब माणसांना असतं. झाडांना रात्र असते."

"रात्र तर देतेयस."

या वाक्याने मात्र ती आतून हलली. खरंच, रात्र तर देत होती. मग?

पाचव्या आठवड्यात तिने सगळ्यात रोड कुंडी पाणी घालायला बाहेर ओढली. ही कुंडी जागा नव्हती म्हणून हौदाच्या मागे, खालच्या फळीआड ठेवलेली. तिला दिव्याचाही उजेड धड मिळत नव्हता. ही जगली तरी पुष्कळ, असं धरूनच ती तिला पाणी घालायची. आणि त्या कुंडीच्या शेंड्यावर मोहरीच्या दाण्याएवढी, घट्ट मूठ मिटलेली कळी होती.

ती ओरडली नाही. तिथेच फरशीवर बसली. तेरा धष्टपुष्ट झाडांना नाही आणि या उपाशी पोरीला आहे. हिने असं काय केलं? की हिने काय पाहिलं नाही?

त्या संध्याकाळी सातला दिवे विझले तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. जेवणं झाली. नऊला सासरे नेहमीसारखे हात पुसत मागे गेले. "एक चक्कर मारून येतो," असं ते रोजच म्हणत. ती रोजच मान हलवत असे, म्हातारं माणूस जेवल्यावर फेऱ्या मारतं तशी. आज ती मागोमाग गेली. दार बंद होतं, फटीतून काही दिसत नव्हतं. दिसणार कसं? त्या फटी तिनेच बुजवल्या होत्या. दहाला सासरे बाहेर आले, चष्मा पुसत झोपायला गेले.

ती आत शिरली आणि दार लावलं. अंधारात चाचपडत गेली. यंत्राजवळ त्यांची खुर्ची. खुर्चीच्या डोक्यावर खिळ्याला टांगलेला लाल दिवा. तिने बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. गरम होता.

अंधारात उभी राहून ती एकेक धागा उलगडत गेली. तास तास ते इथे बसत असणार. आपल्या खोलीत, आपल्या लाल उजेडात, पानं तपासत, बुरशी पुसत. तिच्यासाठीच. आणि तेरा कुंड्या त्यांच्यासमोर जाग्या होत असणार. ती एक तेवढी फळीआड झोपून राहिली होती. कागद खोटं बोलला नव्हता. त्याला लाल दिसतच नाही, म्हणून त्याने सांगितलं नाही.

*

सकाळी तिने सासऱ्यांना चहा दिला आणि समोर बसली. नवऱ्याशी भांडणं तिला जमायचं. त्यात सराव होता. पण अख्ख्या घरात तिच्या बाजूने उभं राहिलेलं हे एकच माणूस.

"बाबा, रात्री खोलीत दिवा लावू नका."

"मी कुठे दिवा लावतो? लाल लावतो."

"तोच म्हणतेय."

त्यांनी कप खाली ठेवला. "सूनबाई, लाल दिव्यात मी चाळीस वर्षं काम केलंय. एक फोटो बिघडला नाही."

"ते कागद होते, बाबा. कागदाला लाल दिसत नाही. शेवंतीला दिसतं." आणि तिने रोड कुंडी त्यांच्यासमोर ठेवली. "ही तुमच्या नजरेआड होती."

त्यांनी कळी पाहिली. चष्मा काढून पाहिली, लावून पाहिली. मग आवाज चढला. "एका झाडावरून तू मला शिकवणार? अगं, त्या खोलीत कुठला उजेड घ्यायचा न् कुठला नाही, हे तुझ्या जन्माच्या आधीपासून मला कळतं."

"खोलीचं तुम्हाला कळतं. झाडाचं मला कळतं."

"मग काढून टाक म्हातारा, आणि बसव झाड."

ती उठली. खोलीत गेली, लाल दिवा खिळ्यावरून काढला, पदरात गुंडाळून बाहेर आली आणि त्यांच्यासमोरून आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली कमरेला गेली.

दारातून नवरा बघत होता. "वा," तो म्हणाला. "आता बाबांनाही घराबाहेर काढणार वाटतं."

"तुम्ही मध्ये पडू नका. तुमची पाळी यायचीय."

तीन दिवस सासरे तिच्याशी बोलले नाहीत. चहा घेत, पण कप स्वतः उचलत. चौथ्या दिवशी संध्याकाळी, दिवे विझायच्या आधी, ते हळूच खोलीत गेले, प्रत्येक कुंडीजवळ थांबले, बाहेर येऊन म्हणाले, "किल्ली दे."

तिने कमरेच्या किल्लीवर हात ठेवला.

"आत नाही लावत. दे."

त्यांनी दिवा घेतला, स्टुलावर चढून दाराच्या बाहेर, चौकटीवर टांगला. लावला. दारासमोरची सगळी बोळ लालसर झाली. "पूर्वी असाच असायचा," ते म्हणाले. "हा लागलेला असला की आत यायचं नाही. कुणीही. तुझा नवरा लहान असताना एकदा आला होता, आत उजेड शिरला, सगळ्या वर्गाचा फोटो काळा पडला त्याच्यापायी. अजून ती मुलं मला विचारतात, आमचा चौथीचा फोटो कुठाय." स्टुलावरून उतरताना त्यांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि नंतरही हात थोडा वेळ तिथेच ठेवला.

*

तीन आठवड्यांनी गवंडी आला. सकाळी सातला, उन्हं तापायच्या आधी काम सुरू करायला. खांद्यावर घण, हातात छिन्नी. नवरा त्याला मागे घेऊन आला तर दारावर लाल दिवा जळत होता आणि दारासमोर खुर्ची टाकून सासरे बसले होते. त्यांच्या शेजारी ती उभी.

"बाबा, उठा. आज ठरलंय."

"तिला विचार."

"कळ्या दाखव," नवरा तिला म्हणाला. "आहेत ना? मग दार उघड, दाखव, वाद मिटला."

"आठला उघडेन."

"आत्ता काय झालं?"

"आत्ता रात्र आहे."

गवंड्याने वर, लख्ख उजाडलेल्या आकाशाकडे पाहिलं.

"अगं, बाहेर दिवस उगवलाय," नवरा म्हणाला. "एका मिनिटाने काय होतं? तुझ्याच फायद्याचं आहे. आत्ता दार उघडलंस तर खोली तुझी, नाहीतर हा घण मारतो. माणूस बोलावलाय मी, त्याचा खोळंबा होतोय."

"एका मिनिटाने कदाचित काहीच होत नाही," ती म्हणाली. "पण दोन वर्षं सगळ्यांनी हेच म्हटलं. एवढ्याशा उजेडाने काय होतं. पाटीवाला म्हणाला, शेजारीण म्हणाली, तुम्ही म्हणालात. आज तुम्हाला दाखवायला म्हणून मी त्यांची रात्र मोडली तर मग माझ्यात आणि पाटीत फरक काय? खोली जाते तर जाऊ दे. आठच्या आधी दार उघडणार नाही."

"आणि मी उघडलं तर?"

"लाल दिवा लागलाय," सासरे शांतपणे म्हणाले. "चौथीचा वर्ग आठवतो ना?"

नवऱ्याचे कान लाल झाले, दिव्यामुळे की कशामुळे कोण जाणे. गवंड्याने घण भिंतीला टेकवला आणि उकिडवा बसला. "माझी घाई नाही," तो म्हणाला. "चहा मिळाला तर अजिबात नाही." जमिनीलगतच्या पेटीपाशी त्याचा हात गेला. त्याने तळवा धरला, मग गाल धरला. "अहो, हवा ओढतंय की हे. पण आत तर काळोख दिसतोय. भोक आहे आणि उजेड जात नाही, असं कसं?"

"वळणं आहेत," ती म्हणाली, आणि उभ्या उभ्या त्याला सगळं सांगितलं. एकाआड एक पट्ट्या, फळ्याचा रंग, वरची वाट, खालची वाट. गवंडी चहा विसरून ऐकत होता. नवराही ऐकत होता, तिसरीकडेच बघत असल्याचं दाखवत. तो तासभर त्या बोळीत चार माणसं एका बंद दारासमोर अशी बसली होती, जशी दवाखान्यात बसतात.

आठला आत टक्‌ आवाज झाला. सासऱ्यांनी उठून बाहेरचा लाल दिवा मालवला. तिने दार उघडलं.

तेरा कुंड्यांच्या शेंड्याशेंड्यावर कळ्या होत्या. कुठे मोहरीएवढ्या, कुठे ज्वारीएवढ्या, मिटलेल्या, हिरव्या, हट्टी. आणि दाराशी सगळ्यात पुढे मांडलेल्या रोड कुंडीवरची कळी वाटाण्याएवढी होऊन टोकाला फुटली होती. आतून पिवळ्याची एक बारीक रेघ बाहेर बघत होती.

नवरा वाकला. खूप वेळ वाकून राहिला. बोट पुढे नेलं आणि लावायच्या आधीच मागे घेतलं.

"दिसली?" तिने विचारलं.

"दिसली."

"माझ्या मनातली की डोळ्यांनी?"

"डोळ्यांनी गं बाई." तो सरळ झाला. बापाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या खडूच्या रेघेकडे. तळव्याने त्याने ती पुसली. पुसट पांढरा पट्टा राहिला. "आता यंत्र कुठे ठेवू ते तूच सांग."

"बाहेरच्या खोलीतलं माझं कपाट हलवा. दोन दिवस झाले, जागा मोजून ठेवलीय."

"म्हणजे तुला आधीच खात्री होती?"

"नाही. हरले असते तर कपाट आहे तिथेच राहिलं असतं."

गवंडी घण उचलून उभा राहिला. "मग मी काय करू? परत जाऊ?"

नवऱ्याने तोंड उघडलं, पण उत्तर तिनेच दिलं.

"आलाच आहात तर परत कशाला जाता," ती म्हणाली, आणि छताखालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "तिथे आणखी एक भोक पाडून द्या. कळ्या उमलल्या की हवा जास्त लागेल. फक्त सरळ पाडू नका."